फिटची गोळी

“ही फिटची गोळी आहे. मी घेणार नाही,” म्हणत पुष्करनने बायकोचा, विलासिनीचा, हात ढकलला.

चार दिवस हेच चाललं होतं. तीस वर्षं माडावर चढून माडी काढणारा हा माणूस गेल्या ओणमच्या आधी पडला आणि कमरेखाली लुळा झाला. पायांना सुई टोचली तरी कळत नसे, पण त्याच पायांत आगीचा डोंब उसळे. दवाखान्यातल्या कॅप्सूलने तो निम्मा विझला होता. मग औषधाच्या दुकानात कोणीतरी बोलून गेलं, की ही तर फिटवर देतात. झालं! माडीच्या दुकानात त्याच्याच धंद्यातल्या सदानंदनने निकालच लावून टाकला: पुष्करनला फिट आली म्हणून तो पडला. फिट येणाऱ्याला गावात कोणी माडावर चढू देत नाही. म्हणजे इतकी वर्षं त्याने आजार लपवला, असाच अर्थ झाला. पाय गेल्यापेक्षा हे त्याला जास्त लागलं.

घरोघर फिरणारी नर्स शायनी आली, तेव्हा तो उशी दातांत धरून पडला होता.

“चेट्टा,” तिने थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारली, “ही गोळी अशी एकदम बंद करतात का? कुणाला विचारलंत?”

“मला फिट येत नाही.”

“मी कधी म्हटलं येते? माडाच्या फुलोऱ्याची पोय छेदली की काय होतं, सांगा बघू.”

“रस गळतो. दिवसरात्र. हे काय विचारणं झालं?”

“तुमच्या मज्जारज्जूतल्या नसाही तशाच दुखावल्यात. कोणी हात लावला नाही तरी वेदनेचा निरोप गळतच राहतो, आणि डोकं तो खरा मानतं. ही गोळी त्या नसांच्या टोकांवरची दारं जराशी लोटून घेते. गळती कमी होते. फिटमध्ये मेंदूतल्या नसा उधळतात, त्यांनाही हीच आवरते. औषध एक, आजार दोन.”

“नस जुळेल?”

“नाही. खोटं नाही बोलणार. चालता येणार नाही, पण बसता येईल.”

पुष्करनने उशी बाजूला सारली.

“विलासिनी, चाकांची खुर्ची काढ. माडीच्या दुकानात जायचंय.”

“अहो, ह्या गोळीवर माडी चालत नाही!” शायनी ओरडली.

“माडी कोण पितंय? पाण्याची बाटली घे गं.”

दुकानात सदानंदन कप्पा, म्हणजे उकडलेला साबुकंद, आणि माशाची आमटी ओरपत होता. “या या! वाटेत फिट नाही ना आली?” बाकांवर हशा पिकला.

“मला फिट येत नाही,” पुष्करन म्हणाला. “चढायला पायरी म्हणून आपण माडाला नारळाच्या जाड सालीची सोडणं बांधतो ना, त्या दिवशी तिसऱ्या सोडणाची गाठ सुटली. घाईत बांधली होती. मीच.”

हे त्याने आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. कोणी हसलं नाही. गावातल्या निम्म्या लोकांना गाठ मारायला त्यानेच शिकवलं होतं, सदानंदनलासुद्धा.

सदानंदनने पेला खाली ठेवला. “आशान,” तो म्हणाला. आपल्या गुरूला ही हाक त्याने वर्षभरात मारली नव्हती.

“उद्या चढायच्या आधी तुझ्या गाठी बघून घे,” पुष्करन म्हणाला आणि सगळ्यांसमोर त्याने कॅप्सूल गिळली.

पाय अजून जळत होते. विलासिनीने घरी न्यायला खुर्ची वळवायला हात लावला, तर त्याने मानेनेच नको म्हटलं; त्याला अजून इथे बसायचं होतं.