बाहीतली चिठ्ठी

"खोटी!" झिल्पाने हातातली चिठ्ठी उंच धरली. "पाठ आपली आहे, पण पोट त्यांचं आहे!"

चर्चमधल्या सगळ्या सुया जागच्या जागी थांबल्या. हॅनामावशी बाकावरून उठून पुढे आली आणि चिठ्ठी उलटीपालटी करून पाहू लागली. पाठीवर तीच चौकडीची नक्षी होती. गुलामी संपवणाऱ्या रिपब्लिकन पक्षाने ती मुद्दाम छापून घेतली होती, म्हणजे अक्षर न येणाऱ्या माणसालाही आपली मतचिठ्ठी नुसत्या नजरेने ओळखता यावी. पण पुढची नावं, राष्ट्राध्यक्षापासून थेट शेरीफपर्यंत, झाडून सगळी गोऱ्या जमीनमालकांच्या डेमोक्रॅट पक्षाची.

"मेल्यांनी पाठसुद्धा चोरली," हॅनामावशी म्हणाली. "चौफुल्यावर एकजण वाटत होता. इतकं गोड बोलत होता, 'काकू, घ्या' म्हणाला मला."

"गोरा माणूस काकू म्हणाला तिथंच ओळखायचंस की!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि चर्चमध्ये हशा पिकला.

झिल्पाला त्या दुपारी आकाश ठेंगणं झालं होतं. कालपर्यंत 'तोंड मिट' म्हणणाऱ्या बायका आज तिच्यापुढे रांग लावून उभ्या होत्या. गुलामी संपल्यावर दक्षिण कॅरोलायनाच्या या कोपऱ्यात शाळा निघाली, त्या शाळेत वाचायला शिकलेली ती पहिली मुलगी. ती प्रत्येक चिठ्ठी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत खणखणीत वाची, न्यायाधीशासारखी थोडा वेळ थांबे आणि मग "खरी!" म्हणे. खरी ठरली की ती चिठ्ठी जिच्या त्या बाईने घडी करून नवऱ्याच्या कोटाच्या बाहीत शिवून टाकायची. युक्ती बायकांचीच होती. वाटेत डेमोक्रॅटांचे लाल सदरेवाले घोडेस्वार खिसे तपासत, चिठ्ठ्या हिसकावत, स्वतःच्या कोंबत. पण बाहीची शिवण कोण उसवून बघणार? उद्या मतदानाला पुरुषांनी पेटीसमोर उभं राहायचं, दोरा तोडायचा, चिठ्ठी काढायची आणि टाकायची.

"आणि ज्याच्या हातून दुसरी चिठ्ठी पडेल," झिल्पाची आई डॉर्कस म्हणाली, "त्याचं बोचकं दारात. त्याचा सदरा धुणार नाही, त्याला भाकरी देणार नाही, त्याच्याशेजारी निजणार नाही. बोला."

सगळ्या 'कबूल' म्हणाल्या.

"शेवटचं जमेल का गं तुला, डॉर्कसताई?" हॅनामावशीने चिमटा काढला.

"एनॉक कसा घोरतो ते ऐकलंयस का? उलट झोप तरी लागेल मला!"

पुन्हा हशा. मग हॅनामावशीने विचारलं, "जमीनमालकानं घरोघर दिलेली ती डेमोक्रॅटांची पांढरी चिठ्ठी काय केलीस?"

"कालच चुलीत घातली," आई म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली. दोरा नेढ्यातून जाईना. तिने टोक ओलं केलं, पुन्हा हुकलं. झिल्पाला नवल वाटलं. आई डोळे मिटून सुई ओवते अशी तिची ख्याती होती.

तेवढ्यात बाहेर टापा वाजल्या. कुणी काही सांगितलं नाही, तरी सगळ्या बायका कोटांवर बसल्या. खिडकीच्या फटीतून लाल सदरे एकामागून एक सरकत गेले. एकजण शीळ घालत होता. टापा विरल्यावरही बराच वेळ कुणी उठलं नाही.

उरलेली एक खरी चिठ्ठी झिल्पाने डोक्याच्या रुमालात खोचली. बक्षीस म्हणून.

*

सकाळी ती उठली तेव्हा आई बाचा कोट मांडीवर घेऊन बसली होती. तिने दोरा दातांनी तोडला.

"काल शिवलीस ना?"

"शिवण सैल होती."

बा निघाला. गावातले सगळे पुरुष जमावाने जाणार होते. एकट्याने त्या रस्त्याला लागण्यात अर्थ नव्हता. आईने त्याच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. असं तिने कधी केलं नव्हतं.

"डॉर्कस, मी काय लग्नाला चाललोय?"

"थंडी आहे," आई म्हणाली.

थंडी नव्हती. पण झिल्पाला कारण ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटलं. गेल्या आठवड्यात चार घोडेस्वार अंगणात आले होते. एकाने घोड्यावरून उतरून चाबकाच्या दांड्याने बाची उंची मापली होती, टाचेपासून डोक्यापर्यंत, शिंप्याने मापावी तशी शांतपणे. "शवपेटीला लांब फळ्या लागतील याच्या," तो मागे वळून म्हणाला होता, आणि बाकीचे हसले होते. बा हलला नव्हता. आई दारात उभी होती, हातात कालवायचा चमचा, आणि चमच्यातून पीठ टपटप पायांवर पडत होतं.

बा दिसेनासा झाल्यावर झिल्पा चुलीतली राख ओढू लागली. राखेत कागदाचा एक कोपरा होता, नखाएवढा. बाकी सगळा जळला होता. तिने फुंकर मारली.

चौकडीची नक्षी.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. बाची चिठ्ठी काल तिने स्वतः वाचली होती. स्वतः "खरी!" म्हणाली होती. ती इथे, राखेत. मग बाहीत काय आहे? मालकाने दिलेली पांढरी कुठे आहे?

आई टेबलाशी पाठमोरी पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"राख टाकून ये बाहेर," ती न वळता म्हणाली.

झिल्पाने राखेचं घमेलं अंगणात ठेवलं आणि ती पळत सुटली.

*

रस्त्याने जायची सोय नव्हती. ती ओढ्यातून गेली. ओढ्याची वाट घराच्या मागच्या कुंपणापासून हॅनामावशीच्या परसातून जाते आणि रस्त्याचा सगळा वळसा वाचवते. पाणी पोटऱ्यांना लागलं, काटे फ्रॉकला लागले, ती थांबली नाही. बा पेटीसमोर उभा राहील. सगळ्या गावासमोर दोरा तोडेल. आणि हातात येईल ती पांढरी. त्याला बिचाऱ्याला माहीतसुद्धा नाही! रुमालातली चिठ्ठी तिने काढून मुठीत घेतली. त्याच्या हातात कोंबायची, बस्स. एका क्षणाचं काम.

चौफुल्यावरच्या दुकानाच्या खिडकीत फळी टाकून तिच्यावर पेटी ठेवली होती. खिडकीशेजारी खुर्चीत मालक, रेनफ्रोसाहेब, पायावर पाय टाकून बसले होते. दोन्ही बाजूंना लाल सदरेवाले बंदुका घेऊन घोड्यांवर, मध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी वाट. मत द्यायचं तर त्या घोड्यांच्या श्वासातून जायचं. केंद्र सरकारचे निळ्या वर्दीतले दोन शिपाई लांब झाडाखाली तंबाखू ओढत होते.

झिल्पा एका गाडीच्या चाकाआड बसली. बा रांगेत दुसरा होता. त्याच्यापुढे हॅनामावशीचा नवरा, कॅलेब.

कॅलेबने बाहीचा दोरा तोडला, चौकडीची चिठ्ठी काढली आणि पेटीत टाकली. ती ओळखायला कुणाला वाचता यायची गरज नव्हती. आपल्या माणसांसाठी छापलेली खूण सगळ्यांनाच दिसत होती. हे काल चर्चमध्ये कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. की आलं होतं?

कुणी ओरडलं नाही. रेनफ्रोसाहेबांनी टोपी किंचित उचलली.

"कॅलेब, बायकोपोरं बरी आहेत ना?"

"होय, साहेब."

"घरीच असतील आत्ता?"

साहेबांनी एका घोडेस्वाराकडे नुसतं पाहिलं. त्याने घोडा वळवला आणि कॅलेबच्या घराच्या रस्त्याला लावला. पळवला नाही. फिरायला निघाल्यासारखा, सावकाश. कॅलेब त्या घोड्याच्या पाठीकडे बघत राहिला, मग त्याच रस्त्याने चालू लागला. त्याला धावायचं होतं, हे त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. पाठीला बंदुका असताना धावता येत नाही.

झिल्पाच्या दातांवर दात आपटू लागले. तिने जबडा हाताने दाबून धरला.

बा पुढे झाला. आता. आत्ता उठायचं. काल चर्च दणाणून सोडणारी मुलगी ती हीच. तिने पायांना सांगून पाहिलं.

बाने दोरा तोडला. कागद अर्धा बाहेर आला आणि त्याचा हात थबकला. पांढरा. त्याने अंगठा उसवलेल्या शिवणीवरून हळूच फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. डॉर्कसचा दुहेरी टाका तो अंधारातही ओळखला असता. मग त्याने मान वर केली, आणि गाडीच्या चाकातून त्याला झिल्पा दिसली. तिची मूठ दिसली. मुठीतून डोकावणारी चौकडी दिसली.

झिल्पाने मूठ पाठीमागे नेली.

बाने तिच्याकडे आणखी क्षणभर पाहिलं. मग पांढरी चिठ्ठी पेटीत टाकली.

"शहाणा माणूस," रेनफ्रोसाहेब म्हणाले.

रांगेतून कुणीतरी थुंकलं.

*

बातमी बाच्या आधी घरी पोचली होती. अंगणात बायका उभ्या होत्या आणि पायरीवर बोचकं. डॉर्कस दारात उभी राहून सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती.

"या घरात तुला जागा नाही! माझ्या भावाला ज्यांनी नदीत टाकलं, त्यांची चिठ्ठी टाकलीस? कोणत्या तोंडानं आलास?"

बा टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"कुणी दिली तुला ती?" हॅनामावशीने विचारलं. "आमच्यासमोर शिवली होती ना गं बाहीत, खरी? मग ती दुसरी आली कुठून?"

झिल्पाने आईकडे पाहिलं. आईने चौकट धरली होती. बोटांची पेरं पांढुरकी पडली होती. एक वाक्य. बाने एक वाक्य बोलायचा अवकाश होता.

"मीच घेतली," बा म्हणाला. "वाटेत बदलली."

"का?"

"भ्यालो."

हॅनामावशीने मान फिरवली. बाने बोचकं उचललं आणि मागच्या मक्याच्या कोठाराकडे चालू लागला. तो गेल्यावरही आई ओरडतच राहिली, आवाज फाटेपर्यंत. मग बायकांनी तिला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवले. "वाघीण आहेस तू, डॉर्कसताई," एकजण म्हणाली. आईने पाण्याचं भांडं तसंच खाली ठेवलं.

*

दिवस कलला तशी आईने फडक्यात काहीतरी बांधून झिल्पापुढे सरकवलं.

"कोठारात उंदीर फार झालेत. हे ठेवून ये त्यांना."

मक्याची भाकरी गरम होती. वर डुकराच्या मांसाचा तुकडा होता, घरातला शेवटचा. फडक्याच्या गाठीत दोरा ओवलेली सुई टोचलेली होती.

बा कणसांच्या ढिगावर बसला होता. त्याने सुईकडे पाहिलं, भाकरीकडे पाहिलं. मग हात पुढे केला.

"दाखव."

झिल्पाने मूठ उघडली. चिठ्ठी घामाने मऊ झाली होती.

"बा, मी उठले नाही. मला उठताच..."

"वाच."

तिने वाचली. कालच्यासारखी खणखणीत नाही, जेमतेम ओठांबाहेर. एकेक नाव, राष्ट्राध्यक्षापासून शेरीफपर्यंत. बाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. शेवटचं नाव संपल्यावर त्याने उसवलेली बाही तिच्यापुढे धरली.

तिने घडी करून चिठ्ठी आत सरकवली आणि शिवू लागली. टाके वाकडेतिकडे पडत होते.

"दुहेरी घाल," बा म्हणाला. "आईसारखी."

रस्त्यावर टापा आल्या.

पुष्कळ होत्या. टापा कुंपणाशी येऊन थांबल्या. कातड्याची करकर, घोड्याचं फुरफुरणं. मग एक तरुण, जवळजवळ खेळकर आवाज:

"हे एनॉकचं. हे सोडा."

"पुढचं कुणाचं?"

"कॅलेबचं."

टापा पुन्हा चालू लागल्या, सावकाश, रस्त्याच्या वळशाने.

बा उठून उभा राहिला होता. झिल्पाने त्याची बाही धरली. ती एवढंच म्हणाली, "अजून गाठ मारली नाही."

त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली. मग तो वाकून कोठाराच्या मागच्या दारातून बाहेर पडला.

झिल्पा दारापर्यंत धावली. मागच्या कुंपणाशी, ओढ्यातून हॅनामावशीच्या परसात जाणाऱ्या वाटेवर, आई आधीच उभी होती. तिने कुंपणाची सैल फळी दोन्ही हातांनी उचलून धरली होती. बा फळीखालून वाकून गेला. त्याच्या बाहीपासून लोंबणारी सुई जाताना आईच्या हाताला टोचली असावी. कारण तिने हात झटकन तोंडाशी नेला, आणि फळी मात्र सोडली नाही.