जावईबापूंचा नॉर्मल रिपोर्ट

जावईबापूंनी रिपोर्ट हवेत फडकवला, जणू रक्त त्यांनीच तपासलं होतं.

"नॉर्मल! रक्तातलं आम्ल अगदी जिथं हवं तिथं. साखर जरा जास्त आहे, पण ती ताणानं. चला, घरी नेऊ."

अक्का खाटेच्या पायथ्याशी बसली होती. खाटेवर तिचा मधुमेही धाकटा भाऊ, ओकून ओकून चिपाड झालेला. आई गेल्यावर अक्कानंच त्याला वाढवलं होतं. भाचीचा हा नवरा विम्याच्या कचेरीत खुर्ची उबवायचा, पण घरात कुणी शिंकलं की औषध ह्याच्याच तोंडून निघायचं. सासऱ्यानं ह्याला मुलगी दिली होती, स्वतःचा जीव आंदण दिला नव्हता.

"नॉर्मल माणूस असा दिसतो होय?" अक्का म्हणाली. "डोळे पार खोल गेलेत."

"आत्याबाई, आकड्यांतलं तुम्हाला काय कळतं?"

"काही नाही. मला तोंड बघून कळतं तेवढंच. तुमचंही कळतंय."

तेवढ्यात डॉक्टरीण आली. पोरगेलीच, पण रिपोर्ट हातात घेऊन मुकाट्यानं वाचणारी. अक्काला तेवढ्यानंच बरं वाटलं.

"आम्लाचा आकडा बरोबर आहे," ती म्हणाली, "आणि तेच मला खटकतंय." तिनं कागदाच्या कोपऱ्यात वजाबाकी केली. "सोडियममधून हे दोन क्षार वजा केले की थोडंच उरायला हवं. इथं दुपटीहून जास्त उरतंय. म्हणजे रक्तात वेगळं आम्ल साचतंय. आणि उलट्यांतून पोटातलं आम्ल बाहेर चाललंय. एकीकडून भर, एकीकडून उपसा. म्हणून पातळी सारखी दिसते."

अक्काला चटकन उमगलं. तिच्या दोन्ही सुना एकाच वेळी रुसल्या की घरात आवाज म्हणून नसायचा, आणि आलेले पाहुणे म्हणायचे, काय हो गोडीगुलाबी!

"मग हे साचणारं येतं कुठून?"

"इन्सुलिनचं इंजेक्शन चुकलं की शरीर चरबी जाळत सुटतं. त्यातून येतं. आजी, इंजेक्शन चुकलंय का?"

जावईबापू एकदम पंख्याकडे बघायला लागले. खाटेवरून क्षीण आवाज आला, "अक्का, जावईबापूच म्हणाले, पोटात अन्न नाही तर साखर येणार कुठून? इंजेक्शन बंद करा."

"आजारपणात ते मनानं बंद करायचं नसतं," डॉक्टरीण म्हणाली. "आम्हाला विचारायचं."

"आणि घरी नेलं असतं तर?" अक्कानं विचारलं.

"उलट्या कधीतरी थांबल्या असत्या, पण इन्सुलिन नाहीच. मग ते आम्ल एकटंच उरलं असतं, आणि ते घरी कुणालाच आवरलं नसतं."

अक्कानं मान वळवली. "ऐकलंत?"

"मी त्यांच्या भल्यासाठीच..."

"तुमचं भलं तुमच्या पोटापुरतं ठेवा. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, आणि त्यावर तिसरे तुम्ही नॉर्मल म्हणून शिक्का मारत होतात! बाहेर बाकावर बसा. कुणी आजारी दिसलं तर तोंड उघडू नका."

जावईबापू बाहेर गेले. नर्सनं सलाइन लावलं, इन्सुलिनचं यंत्र सुरू केलं. दुपार कलेपर्यंत भावाच्या उलट्या थांबल्या. दुसऱ्यांदा केलेल्या वजाबाकीत उरणारा आकडा उतरलेला आला आणि डॉक्टरीण पहिल्यांदा हसली.

भावानं डोळे उघडले. "अक्का, घरी कधी सोडतील गं?"

"तुझा जावई अजून बाहेर बाकावर आहे," अक्का त्याची चादर नीट करत म्हणाली. "तोवर इथंच बरा आहेस."