हाकेला ओ

झाडाच्या सालीचा तुकडा नखाएवढा होता, आतून ओलसर, आणि त्याच्या कडेवरून एक मुंगी चालली होती — चालली होती की घाबरून फिरत होती, ते त्याला ठरवता येईना. मॅडमनी सांगितलं होतं, एकच लहानशी वस्तू हातात घ्या, तिच्याकडे बघत राहा. मन पळालं तर पळू द्या, मग हाताला धरून परत आणा. पण आणायला जो जातो तोच तिकडे अडकून पडतो, हे त्यांना कसं सांगायचं...

समुपदेशनाच्या खोलीत तो सारखा दाराकडे बघायचा, म्हणून तिसऱ्या खेपेपासून मॅडम त्याला केंद्रामागच्या राईत आणू लागल्या. झाड काही विचारत नाही, म्हणाल्या. ते खरंच होतं. बायको ऐकून एवढंच म्हणाली होती, की घरात माणसांशी अबोला आणि झाडापुढे वीस वीस मिनिटं बैठक, झाडाचं नशीब थोर.

आज पान हलत नव्हतं. शांतता बुंध्याबुंध्यावरून वर चढत होती, आणि वर चार शेंड्यांच्या मधोमध आभाळाचा चौकोन... लिफ्टच्या शाफ्टला वरून झाकण नसतं तर आतून असंच दिसलं असतं. त्यानं मान खाली घातली. वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला आवाजाचं भय नसतं. मोटर घरघरते, दोर करकरतो, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. भय असतं आवाज थांबण्याचं.

त्या दुपारी आवाज थांबला होता. तो वर मशीनच्या खोलीत, साडू खाली लिफ्टच्या टपावर. नियम साधा : खालच्यानं विचारायचं, ‘बंद?’ — वरच्यानं मेन स्विच पाडायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, ‘बंद’. मगच खालच्यानं दोराच्या चाकाला हात लावायचा. पण चौदा वर्षं दोघं एकत्र, त्यात सख्ख्या बहिणींचे नवरे. बोलून बोलून शब्द झिजत गेला, आणि ‘बंद’चं नुसतं ‘हं’ उरलं. साडूनं खालून विचारलं तेव्हा याच्या कानाला फोन होता, फोनवर बायको म्हणत होती, अहो, ऐकताय ना, येताना दूध आणाल ना? आणि तो म्हणाला, हं.

एकच हं. दोघांना गेलं.

स्विच चालूच होता, आणि कुणीतरी तिसऱ्या मजल्यावर बटण दाबलं. एक किंकाळी — मग काहीच नाही. साडूची उजव्या हाताची चार बोटं गेली.

तो मनाशीच बोलू लागला : साडू सगळ्यांना सांगतो, यांनी हं म्हटलं होतं, स्विचच नीट पडला नसेल. दवाखान्यात मला म्हणाला, साडूभाऊ, आता टाळी डाव्या हाताची. सगळे हसले. मीही हसलो. ते हं कुणासाठी होतं, हे एकट्या मला माहीत आहे. बायकोला सांगावं, तर आपल्या दुधापायी बहिणीच्या घरात हे झालं, असं ती जन्मभर धरून बसेल. न सांगावं, तर... चार महिने झाले, घरात मी कशालाच हं म्हणत नाही. मान हलवतो. जीभ उचलली की वाटतं, खाली कुणीतरी हात घालतंय.

आजचं काम मॅडमनी येता येता समजावलं होतं : झाडांआडून हाक येईल, तुम्ही ओ द्यायची, काहीही म्हणा. नाहीच दिली तर? त्यानं विचारलं होतं. तर हाक पुन्हा येईल, मॅडम म्हणाल्या होत्या.

आता तो नुसता कान झाला होता. डावीकडून येईल, उजवीकडून येईल, मागून येईल, मातीतून येईल... त्यानं सालीचा तुकडा मुठीत आवळला.

“अहो.”

मॅडमचा आवाज नव्हता हा. बायकोचा होता. आणि मग त्याला आठवलं, वाटेत मॅडमनी आणखी काहीतरी विचारलं होतं, घरच्या कुणी हाक मारली तर चालेल ना, असंच काहीसं, आणि त्यानं मान हलवली होती. न ऐकता. पुन्हा.

“अहो, ऐकताय ना?”

तोच सूर, तेच शब्द. घशाशी हं आलं, अगदी दातांपर्यंत आलं. त्यानं ते गिळलं.

पाचोळा वाजू लागला. ती चालत येत होती. “मी येऊ का तिकडे?”

विचारत होती, आणि विचारता विचारता निघालीही होती.

“थांब,” तो म्हणाला. फाटका, खरखरीत आवाज, त्याचा त्यालाच अनोळखी. “आहेस तिथंच थांब. त्या दुपारचं आधी ऐक.”

पाचोळा थांबला.

शांतता झाली. पण किंकाळी आली नाही. त्याच्या एका शब्दावर कुणीतरी उभं राहिलं होतं, दोन्ही हातांनिशी, झाडापलीकडे. चार महिने पाठीमागे उभं असलेलं भय आता फिरून समोर आलं होतं, आणि त्याला बायकोचा चेहरा होता — बहिणीशी तोंडवळा जुळणारा. तिचा श्वास ऐकू येत होता. ती खरंच ऐकत होती.