तिसरा ठोका

जमिनीने कूस बदलली तर डॉ. ज्ञानेश कुरणेला पालघरच्या ऑफिसात बसून कळायचं. घरात बायको तापाने फणफणली होती, ते मात्र तिसऱ्या दिवशी कळलं. ती बरी झाली आणि माहेरी गेली ती गेलीच. त्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही. बावीस वर्षं भूकंपाच्या मागे लागलेल्या माणसाला घर म्हणजे पाठ टेकायची जागा असते.

२०१८च्या अखेरीस डहाणू-तलासरीकडे जमीन थरथरायला लागली आणि पुढे कितीतरी दिवस थरथरतच राहिली, तेव्हा तो इकडे आला. त्याचं म्हणणं असं, की डहाणूच्या अलीकडे, पालघरच्या डोंगरांखालून आणखी एक भेग गेली आहे आणि ती जिवंत आहे. बाकीचे शास्त्रज्ञ हसले. हसणाऱ्यांचे दात घशात घालायचे तर माणसाला जाणवतही नाहीत असे बारीक धक्के टिपायला हवे होते, आणि बोईसरच्या कारखान्यांची धडधड त्यात मिसळून चालणार नव्हतं. शांत जागा शोधता शोधता त्याला चिंचणीत नरहरी साव्यांची चिकूची वाडी सापडली.

नरहरी सत्तरी ओलांडलेला, त्याची बायको सुलू चार वर्षांनी लहान. मुलगा सुरतेला. घराच्या मागे एक जुनी कोठीची खोली होती, दीड हात जाडीच्या भिंती आणि सागवानी दार. ज्ञानेशने आत उभं राहून सुलूला बाहेरून हाका मारायला लावल्या. एकही ऐकू आली नाही, तेव्हा तो खूश झाला. खोलीच्या मधोमध सिमेंटचा ओटा बांधून त्याने त्यावर भूकंपमापक बसवला. जमीन हलली की पालघरला ज्ञानेशच्या पडद्यावरची रेघ हलायची. यंत्र चालू आहे ना, हे कळावं म्हणून नरहरीने रोज अकरा वाजता ओट्याशेजारी काठीने तीन ठोके मारायचे, एवढंच त्याचं काम.

नरहरी या कामाने हुरळून गेला. जावळ असो की नातवाचा वाढदिवस, क्रिकेटची मॅच असो की दिवाळीची पहाट, हा आपला खोलीत जाऊन तीन ठोके ठोकून येणार. दर वेळी ज्ञानेशच्या स्वच्छ रेघेवर तीन काटे उभे राहायचे. तळपायाची आग मस्तकात जाऊन तो एकदा गाडी काढून चिंचणीला आला.

"काका, हे यंत्र आहे, शेजाऱ्याच्या दाराची कडी नाही."

नरहरी हसला. "साहेब, सुलू भायेर गेली का मी येकटाच. पन आता भीती नाय वाटत. वाटतं, तिकडं साहेब बगतायत."

"अकराचे तीन ठोके. त्यानंतर आभाळ कोसळलं तरी ठोकायचं नाही. कळलं?"

म्हातारा खाली बघून "कळलं" म्हणाला. ज्याने चिकू, शहाळी, उकडीचे मोदक पुढे केले होते त्याला असं बोलावं का, हा प्रश्न ज्ञानेशला पडला नाही. शब्दाला मात्र नरहरी जागला. पुढचे एकशे त्र्याहत्तर दिवस अकराच्या तीन ठोक्यांपलीकडे त्या खोलीतून हूं की चूं आलं नाही. दिवाळीसुद्धा मुकी गेली.

एकशे चौऱ्याहत्तराव्या दिवशी दुपारी दोनला समितीची बैठक होती. सलग पाच महिन्यांची शांत नोंद दाखवली, तर ज्ञानेशचा प्रकल्प मंजूर होणार होता. नाही तर बावीस वर्षं पाण्यात आणि त्याच्या नावावर हसणारे पुन्हा हसायला मोकळे. पडद्याच्या एका भागात समितीचे चेहरे होते, दुसऱ्या भागात चिंचणीची रेघ.

दोन वाजून सात मिनिटांनी रेघेवर एक जाड काटा उमटला. दोन मिनिटांनी तीन बारीक काटे. थोडं थांबून पुन्हा तीन. पुन्हा तीन.

"हे काय चाललंय?" अध्यक्षांनी विचारलं.

बोलण्यात ज्ञानेश कच्चा नव्हता. "मसाला कुटत असतील, सर. गावाकडची माणसं. कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी."

सगळे हसले. अध्यक्षही हसले, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

बाजूला बसलेली मोनाली, त्याच्या हाताखाली पीएचडी करणारी मुलगी, हळूच म्हणाली, "सर, काका असं कधी करत नाहीत आता. फोन करू का? शेजारच्या दर्पणदादांचा नंबरही आहे."

नंबर होताच. पडद्याच्या कोपऱ्यावर चिठ्ठीच चिकटवलेली होती.

"काही नको. लक्ष दिलं की आणखी शेफारतात." त्याने चिंचणीची रेघ पडद्यावरून काढून टाकली आणि पुढचा नकाशा लावला. बैठक छान झाली. संपल्यावर त्याने मोनालीला दोन-आठ ते दोन-पंचावन्न एवढा तुकडा कापायला लावला आणि समितीला लेखी कळवलं, की दिसलेले काटे मसाल्याचे नव्हतेच, उतरत्या बॅटरीचे होते, आणि त्या वेळात यंत्र बंद पडलं होतं. तासाभराचा खंड चालतो, गोंगाट चालत नाही. त्याने मागवलेला चहा त्या दिवशी त्याला फार गोड लागला.

सहाच्या सुमारास दर्पणचा फोन आला. सुलू डोळे तपासायला बोईसरला गेली होती. पाचला परतली तर झोपाळ्यावर नरहरीचा मोबाइल, आणि धूळ झाडायला गेलेला नरहरी कोठीच्या खोलीत ओट्यापाशी पडलेला, काठी मुठीत. डॉक्टर म्हणाले, हार्टचा झटका, तासाभरात आणलं असतं तर वाचले असते.

मोनालीने त्या दिवसापासून ज्ञानेशच्या डोळ्यांत बघणं सोडलं. तोंड मात्र तिनेही उघडलं नाही. तिची पीएचडी त्याच्या सहीवर अडली होती.

चौथ्या दिवशी ज्ञानेश भेटायला गेला. भेटायला म्हणायचं एवढंच. ऑफिसातला तुकडा कापला असला, तरी यंत्राच्या पोटातल्या कार्डावर सगळी नोंद जशीच्या तशी होती, आणि ते कार्ड त्याला हवं होतं. "तपासून घेतो," म्हणून तो खोलीत गेला, जमिनीवर बसला आणि कार्ड लॅपटॉपला लावलं.

मागोमाग सुलू आली आणि भिंतीला टेकून बसली.

"साहेब, तुमच्या मशीनमदी दिसंल का हो, किती वाजता गेले ते? भटजी इचारतात, श्राद्धाची तिथी दशमी धरू का एकादशी. त्या दिवशी अडीच वाजून गेल्यावर एकादशी लागली. जनमभर एकादशा केल्या त्यांनी, पानी पन मोजून प्यायचे. एकादशीला मरन आलं तर वैकुंठ मिळतं म्हनतात. बगा ना."

ज्ञानेश बघतच होता. दोन-सातचा जाड काटा म्हणजे अंग जमिनीवर आदळलेलं. मग तीन ठोके. मग तीन. मोजणं हा त्याचा धंदाच. पहिल्या दहा मिनिटांत ठोके जोरकस होते, ओळखीच्या माणसाने हाक मारावी तसे. पुढे ते उतरत गेले, मधली अंतरं वाढत गेली. पण दर वेळी तीनच. दीड हात भिंतीतून हाक जात नाही हे नरहरीला ठाऊक होतं. जगात एकच माणूस आपल्याला बघतोय हेही ठाऊक होतं, आणि ते अगदी खरं होतं. एकशे त्र्याहत्तर दिवस पाळलेला शब्द त्याने मोडला होता, तो साहेबाच्या भरवशावर.

दोन वाजून एकावन्न मिनिटांनी एक ठोका होता. मग दुसरा. तिसरा नव्हता. पुढे रेघ सरळ होती, ज्ञानेशला हवी तशी.

म्हणजे एकादशी लागून वीस मिनिटं झाली होती.

सांगायला फक्त एक वाक्य लागलं असतं. पण दोन-आठनंतर यंत्र बंद होतं, असं त्याने सहीनिशी लिहून दिलेलं होतं. बंद यंत्राला एकादशी कशी दिसणार?

"दोन वाजून सात मिनिटं," तो म्हणाला. "पडले आणि त्याच क्षणी गेले. काही त्रास झाला नाही, काकू."

"म्हंजे दशमीच." सुलूने पदराने तोंड पुसलं. "जाऊ द्या. त्यांच्या नशिबी नव्हती. पडून ऱ्हाऊन कोनाची वाट बगावी नाय लागली ना, मंग झालं. माझ्या जिवाला तोच घोर व्हता. तुमी व्हता म्हनून येवढं तरी कळलं, साहेब."

तिने त्याला हात जोडले. त्याने कार्ड पुसून कोरं केलं आणि पुन्हा यंत्रात घातलं. लाज वाटली का? वाटली. भयंकर वाटली. पण कार्ड कोरंच राहिलं.

निघताना तो म्हणाला, "काकू, तुम्हाला त्रास होत असेल तर यंत्र हलवतो दुसरीकडे."

"नको, नको. त्यांचं काम व्हतं ते. अकरा वाजता मी ठोकीन."

प्रकल्प मंजूर झाला. भेग जिवंत निघाली, ज्ञानेश खरा ठरला, हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. वर्षश्राद्ध सुलूने दशमीला घातलं आणि साहेबांना मानाने जेवायला बोलावलं. तो गेला, जेवला. तिने आग्रह करून वाढलेली खीरही त्याने संपवली.

आणि रोज अकरा वाजता चिंचणीचे ठोके येतात. एक. दोन. सुलूचा उजवा खांदा धरलेला असतो. दोन ठोके मारले की तिला काठी डाव्या हातात घ्यावी लागते. त्याला पाच-सहा सेकंद लागतात. ज्ञानेश हातातलं काम टाकून, खुर्चीचे हात धरून पडद्याकडे बघत राहतो. समोर मोनाली खाली मान घालून बसलेली असते. मग तिसरा ठोका येतो, आणि तो उद्याच्या अकरापर्यंत सुटतो.