पायपुसण्याखालचा कोळी

विनीताला कोळ्यांची भीती वाटत नसे, किळस वाटे. झुरळ ती चपलेने मारायची, पाल झाडूने हाकलायची. पण कोळी दिसला की तोंडात आंबट पाणी यायचं. नवऱ्याच्या कंपनीमुळे बंगालात, डमडमला येऊन सतरा वर्षं झाली होती, आणि तळमजल्याचा फ्लॅट घेतल्याचा पश्चात्ताप तिला दर पावसाळ्यात व्हायचा.

रविवारी सकाळी तिने मागच्या अंगणातलं ओलं पायपुसणं उचललं. खाली तो बसलेला. पाय धरून दहाच्या नाण्याहून मोठा, मातकट, पाठीवर जाड करडी बुरशी चढल्यासारखा. ती बुरशी वळवळत होती.

तिची किंकाळी ऐकून शेजारचे दासबाबू कुंपणाशी आले. "टॅरँटुला!" त्यांनी बंगालीत निकाल दिला. "चावला तर हात कापावा लागतो. मारून टाका!"

विनीताने झाडूचा दांडा हाणला. बुरशी फुटली. टाचणीच्या डोक्याएवढे शेकडो कोळी लादीवर पसरले, दांड्यावरून सरसर वर आले, तिच्या मनगटावर चढले. तिने हात झटकला आणि मोरीशी वाकून सकाळचा चहा ओकून टाकला.

तिची मुलगी नूपुर बरणी घेऊन धावत आली. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. कोळ्यावर बरणी उपडी घालून ती म्हणाली, "आई, ही दाबून धर. मी फोटो काढते."

"मी? शी!"

"धर ना गं!"

विनीताने धरली. काचेआड ते केसाळ तोंड अगदी बोटांपाशी होतं.

"डोळे बघ," फोटो मोठा करत नूपुर म्हणाली. "खाली चार छोटे, एका लायनीत. वर दोन मोठे. त्याच्या मागे अजून दोन. लांडगा कोळी आहे, टॅरँटुला नाही. ही आई आहे. पिल्लांना असं पाठीवर घेऊन फिरते."

"विषारी?"

"पकडलंस तर चावेल, थोडं दुखेल. हात-बित नाही कापत कोणी. आता बरणी काढ, बाहेरचे बेबीज तिच्याकडे जाऊ देत."

विनीताने श्वास रोखून बरणी उचलली. कोळ्याचा एक पाय तुटून बाजूला पडला होता. तरी तो पळाला नाही. पिल्लं एकेक करून उरलेल्या पायांवरून पाठीवर चढू लागली. बघवत नव्हतं, पण ती बघत राहिली. मग मनगटावर गुदगुली झाली. एक पिल्लू अजून तिथेच होतं. चिरडायला उचललेलं बोट तिने कसंबसं आवरलं, दात आवळून हात लादीला टेकवला, ते उतरेपर्यंत.

दासबाबू फवाऱ्याचा डबा घेऊन आले.

"लागबे ना, दादा," ती म्हणाली आणि हातानेच डबा नको अशी खूण केली.

मग तिने मनगट लाल होईपर्यंत साबणाने घासलं, आणि पुन्हा आंघोळ केली. दुपारी नूपुरने वरण वाढलं. वर फोडणीतली मोहरी तरंगत होती. विनीताने ताट बाजूला सारलं.