सहा जागा, सातवं नाव

कागदपत्रं तपासणाऱ्या बाईंना ऑफिसातले लोक पाठीमागे चाळणी म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. दुसऱ्या कॉलेजातून बदलून येणाऱ्या मुलांच्या फायली त्या एकाच टेबलावर बसून अठरा वर्षं तपासत होत्या. एका मुलाने एकदा गुणपत्रकातल्या तीनचा आठ केला होता. बाईंनी कागदावरून नुसतं बोट फिरवलं आणि तो बाजूला ठेवला. वाचलासुद्धा नाही.

त्या वर्षी रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला सहा जागा मोकळ्या झाल्या होत्या आणि अर्ज आले होते एक्केचाळीस. पहिल्या छाननीनंतर तात्पुरती यादी तयार झाली. तिच्यात सहावं नाव एका आडगावच्या कॉलेजातल्या मुलीचं होतं. सातवं, म्हणजे प्रतीक्षा यादीतलं पहिलं, बाईंच्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या मुलाचं.

भाच्याने अर्ज केलाय हे बाईंनी पहिल्याच दिवशी लेखी कळवलं होतं. तसा नियमच होता. त्यामुळे त्याची फाईल शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या सहकाऱ्याकडे गेली. मुलीची फाईल मात्र बाईंच्याच ढिगात आली, आणि त्याबद्दल कुठलाच नियम नव्हता.

फाईल उघडली तेव्हाच बाईंना वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. पहिल्या वर्षी मुलीला रसायनशास्त्रात अठ्ठेचाळीस आणि पन्नास गुण होते. तिसऱ्या सत्रात एकदम एकोणऐंशी, चौथ्यात शहाऐंशी. माणूस जिना चढतो, उडी मारून गच्चीवर जात नाही. सोबत दोन शिफारसपत्रं होती, एक रसायनशास्त्राच्या सरांचं आणि एक गणिताच्या बाईंचं. दोन्हींत तेच वाक्य होतं: ‘उत्तर मिळालं तरी ती थांबत नाही.’ आणि दोन्ही पत्रांत ‘चिकित्सक’ हा शब्द ‘चिकीत्सक’ असा लिहिला होता. दोन वेगळ्या माणसांच्या हातून एकच चूक झाली, यावर विश्वास ठेवायला बाई काही कालच्या नव्हत्या.

प्रवेश विभागाच्या प्रमुखांनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी धरून पाहिली आणि सरळ बाद करा म्हणाले. अर्ज ढीगभर आहेत, एकासाठी वेळ कशाला घालवायचा. बाई म्हणाल्या, खात्री करून घेते. प्रमुखांनी खांदे उडवले.

त्यांनी मुलीच्या कॉलेजात फोन लावला. पहिल्यांदा कुणी उचललाच नाही. दुसऱ्यांदा कुणीतरी सांगितलं की सर प्रयोगशाळेत आहेत. तिसऱ्यांदा सर आले, पण “पत्र? कसलं पत्र?” एवढं म्हणेपर्यंत फोन तुटला. की ठेवला? बाईंनी फाईलवर पेन्सिलीने छोटंसं प्रश्नचिन्ह काढलं.

त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन आला. सहज केला, म्हणाली. बहिणीने आयुष्यात सहज कधी फोन केला नव्हता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं की प्रतीक्षा यादी कधी पुढे सरकते का. बाई म्हणाल्या, सरकते कधीकधी. मुलीच्या फाईलबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पण फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण आज बहिणीशी नेहमीपेक्षा फार गोड बोललो.

शनिवारी सुट्टी होती. बाई कुणाला न सांगता बसने निघाल्या. अडीच तासांनी त्या टायरच्या एका दुकानामागच्या दुमजली इमारतीपाशी उतरल्या. तेच कॉलेज. प्रयोगशाळेत पाच नळ होते, त्यांतले दोन तारेने बांधून ठेवलेले. सर एकटेच काचेची भांडी धूत होते. अंगातल्या कोटाच्या बाहीला आम्ल सांडून पडलेली भोकं होती.

बाईंनी आपण कोण ते सांगितलं आणि पत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

“सही माझीच आहे,” सर म्हणाले.

“आणि मजकूर?”

सरांनी हातातला चंबू उपडा करून ठेवला, मग दुसरा घेतला. “मजकूर तिचा. तिला म्हटलं होतं, लिहून आण, मी सही करतो. गणिताच्या बाईंनीही तेच सांगितलं असेल. इथे या विषयाला मी एकटा आहे आणि मुलं एकशे साठ.”

बाईंना बरं वाटलं. हवं ते हातात आलं होतं आणि परतीच्या बसला अजून तासभर वेळ होता. आलोच आहोत तर गुणांचंही उरकून टाकू, असं म्हणून त्यांनी निकालाची वही मागितली. सरांनी कपाटातून जाड वही काढून त्यांच्यापुढे उघडली.

बाईंनी पहिल्या वर्षाचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. अख्ख्या वर्गात पन्नासच्या वर कुणीच नव्हतं. पन्नास त्या मुलीचेच होते. निम्म्याहून जास्त मुलं नापास.

“पहिलं वर्षभर यांना शिकवायला कुणी नव्हतंच,” सर म्हणाले. “मी तिसऱ्या सत्रात रुजू झालो.”

हे तिने अर्जात का लिहिलं नाही, असं बाईंनी विचारलं. सर म्हणाले, तिलाच विचारा, आतल्या खोलीत वजनं करतेय.

मुलगी बाहेर आली. बोटांवर पिवळे डाग, केस रबराने कसेतरी बांधलेले. बाई कुठून आल्यात हे कळल्यावर तिने सरांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पत्राकडे, आणि ती उभीच राहिली.

“मॅडम, तुम्ही बघायला आलात की ठरवून आलात?” तिने विचारलं.

बाईंना राग आला. इतका राग खोट्या आरोपाचा येत नाही, हे त्यांना पुढे बसमध्ये सुचलं. त्या वेळी त्यांनी फक्त कडक आवाजात विचारलं की पहिल्या वर्षाचं कारण का लपवलं. मुलगी म्हणाली, लपवलं नाही, गिळलं. कॉलेजात शिक्षक नव्हते असं लिहिलं असतं तर प्राचार्यांनी ना हरकत दाखल्यावर सही केली नसती. दाखला हातात पडेपर्यंत तोंड बंद ठेवायचं तिने ठरवलं, आणि दाखला मिळाला तो अर्जाच्या शेवटच्या दिवशी, तेव्हा अर्जात काही वाढवायला वेळच उरला नाही. पत्रं आपणच लिहिल्याचं तिने लगेच कबूल केलं. दोघांचं वेगवेगळं वाटेल असं लिहिता आलं नाही, म्हणाली, कारण स्वतःबद्दल चांगलं असं एकच वाक्य सुचलं होतं.

बाईंनी तिची प्रयोगवही मागितली. रसायनशास्त्र त्यांना कळत नव्हतं. पण एका बैठकीत लिहिलेली वही आणि वर्षभर लिहिलेली वही यांतला फरक त्यांना डोळे मिटूनही कळला असता. इथे शाई बदलत होती, अक्षर घाईचं होत होतं, पुन्हा स्थिरावत होतं, एका पानावर पाणी सांडून सुकलं होतं. एक प्रयोग तिने अकरा वेळा केला होता आणि शेवटी लिहिलं होतं की छापील पुस्तकातला आकडा चुकीचा असावा. खाली सरांच्या लाल अक्षरात होतं: ‘पडताळला. पुस्तक चूक.’

बाईंनी वही मिटली. आपल्या पिशवीतला कोरा कागद काढून सरांपुढे ठेवला आणि म्हणाल्या, “आता तुम्ही लिहा. तुमच्या हाताने, माझ्यासमोर.”

सरांनी आठ ओळी लिहायला अर्धा तास घेतला. मुलगी तेवढा वेळ बाहेर व्हरांड्यात थांबली. त्या आठ ओळी अशा होत्या की मुलीने स्वतः त्या कधीच लिहिल्या नसत्या. ‘ती भांडते. वर्षभरात तिने काचेच्या चार ब्युरेट नळ्या फोडल्या. स्वतःच्या आकड्याबद्दल खात्री असली की ती माझंही ऐकत नाही, आणि बहुतेक वेळा आकडा तिचाच बरोबर असतो. ती गेली तर माझी गैरसोय होईल, म्हणून हे पत्र मी टाळत होतो.’

परतीच्या बसमध्ये बाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. अठरा वर्षांत त्या कुठल्याही फाईलसाठी स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या खर्चाने कुठे गेल्या नव्हत्या. मग याच फाईलसाठी का? उत्तर त्यांना आवडलं नाही. त्या खात्री करायला नव्हे, पुरावा गोळा करायला आल्या होत्या. सातव्याला सहावा करायला. हा कागद पिशवीतच राहिला तर कुणाला कधी कळणारही नव्हतं. आणि पुढे केला तर बहीण जन्मभर ऐकवणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

सोमवारी त्यांनी सगळं लिहून कागदासकट प्रमुखांपुढे ठेवलं. प्रमुखांनी शांतपणे वाचलं.

“तुम्हाला जायला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही.”

“सातवा तुमचा भाचा ना?”

“हो.”

प्रमुख त्यांच्याकडे बघत राहिले. ही बाई मुलीला बुडवायला गेली होती की स्वतःला स्वच्छ दाखवायला, हे ते चेहऱ्यावरून वाचू पाहत होते. बाईंनी नजर खाली वळवली नाही. त्या म्हणाल्या, स्वतः लिहिलेलं पत्र हा दोष असेल तर तो सातही जणांत शोधा. एकीलाच चाळायचं आणि बाकीच्यांना तसंच ओतायचं, हे बरोबर नाही.

चष्मेवाल्या सहकाऱ्याने दोन दिवस फोन केले. सातांपैकी पाच जणांच्या शिक्षकांनी फक्त सही केली होती. भाच्याच्या सरांनी तर विचारलं, “कोणता हो हा? नाव पुन्हा सांगा.”

सहकाऱ्याने भाच्याचं पत्र आणून बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि पाणी प्यायला निघून गेला. भाच्याची फाईल उघडायची नाही हे बाईंना माहीत होतं, पण कागद समोरच होता. दुसऱ्याच ओळीला त्या थबकल्या. ही वाक्यं त्यांची स्वतःची होती. दोन महिन्यांपूर्वी बहिणीने विचारलं होतं की पोराचा प्रवेश कशाने सोपा होईल. बाईंनी फोनवर हौसेने सांगितलं होतं की मुलाला काय हवंय ते लिहू नका, त्याने काय केलंय ते लिहा. आणि नमुना म्हणून चारपाच वाक्यं सांगितली होती. पलीकडे बहीण ती उतरवून घेत होती. तीन वाक्यं जशीच्या तशी सरांच्या सहीवर येऊन बसली होती. त्यांत सांगितलेलं एकही काम भाच्याने केलेलं नव्हतं.

बाई उठल्या आणि हेही प्रमुखांना सांगून आल्या.

प्रमुखांनी निर्णय दिला. सातही जणांनी तीन दिवसांत दोन-दोन पत्रं शिक्षकांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात आणायची. आणणार नाहीत ती नावं गळतील. बाईंना त्या यादीपासून दूर केलं आणि लेखी समज दिली. चाळणीलाच समज मिळाली ही बातमी दुपारच्या चहाआधी सगळ्या मजल्यावर पसरली. कोण काय बोलत असेल याचा बाईंना अंदाज होता. लोक आपल्याला बघून एकदम गप्प होतात, हे त्यांना आता सारखं जाणवू लागलं.

मुलीकडे सरांचं पत्र होतं, पण गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर माहेरी गेल्या होत्या. ती तिसऱ्या दिवशी खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना पोचली. त्यांचं पत्र पेन्सिलीने लिहिलेलं होतं. चष्मेवाल्याने कुरकुर केली, घरात पेन नव्हतं का म्हणाला. मुलगी म्हणाली, मांडीवर बाळ होतं, हाताला लागलं ते घेतलं. पत्र चाललं.

दोन नावं गळाली. एक चौथ्या क्रमांकावरच्या मुलाचं आणि एक भाच्याचं. त्याच्या सरांनी ओळख नसलेल्या मुलासाठी हाताने लिहायला साफ नकार दिला होता.

बहिणीचा फोन आला, या वेळी सहज नव्हे. “लोक म्हणतात, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं,” ती म्हणाली. “तू तर जगावेगळी निघालीस, ताई.” त्यानंतर चार महिने तिने फोन केला नाही. बाईंनी दोनदा केला. दोन्ही वेळा तो मेहुण्यांनी उचलला आणि ती कामात असल्याचं सांगितलं.

सत्र सुरू झाल्यावर मुलगी ओळखपत्रासाठी बाईंच्या टेबलापाशी आली. बाईंनी सगळी मूळ कागदपत्रं एकेक करून तपासली, नेहमीइतकीच बारकाईने. तेवढा वेळ मुलीची नजर त्यांच्या हातांवरून हलली नाही, जणू त्यांतला एखादा कागद बघता बघता नाहीसा होईल. परत घेताना तिने ते पुन्हा मोजून घेतले. दोघींपैकी कुणीच हसलं नाही. पण जाताना तिने एवढंच विचारलं की प्रयोगशाळा सकाळी किती वाजता उघडते, आणि बाईंनी सांगितलं.

चार महिन्यांनी एका दुपारी भाचा एकटाच आला. आईला सांगितलेलं नाही, म्हणाला. पुढच्या सत्रात आणखी एका कॉलेजात जागा निघणार होत्या. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि बराच वेळ टेबलावरचा स्टेपलर उघडत-मिटत राहिला. मग म्हणाला, “मावशी, या वेळी काय लिहू?”

बाईंनी त्याच्या हातातून स्टेपलर काढून घेतला. त्याला खरंच विचारायचंय की आईने पाठवलंय, हा संशय त्यांच्या मनात येऊन गेला. त्यांनी तो तसाच जाऊ दिला.

“लिहायचं नंतर बघू,” त्या म्हणाल्या. “आधी तुझ्या सरांना तुझं नाव माहीत होऊ दे.”

भाचा उठला, दप्तर खांद्याला लावून म्हणाला, आत्ताची बस मिळाली तर सरांच्या चारच्या तासाला पोचेन.