छोट्या खोलीतल्या मुलाखती

तिने टेबलावरचा टिश्यूचा डबा उचलून खिडकीत ठेवला, तेवढ्यात दार ढकलून भोंगाकाका आत आले. खांद्याला भरलेली पिशवी होती. कारखान्यातल्या आपल्या कपाटाची किल्ली त्यांनी तिच्यासमोर ठेवली.

"घे पोरी. सगळं काढून आणलंय."

ती मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या शेवटच्या वर्षाला होती आणि ‘कामगारांचे समाधान’ हा प्रकल्प घेऊन आठवड्यापूर्वी इथे आली होती. रिकामीच असते म्हणून साहेबांनी तिला ही खोली दिली होती. या खोलीत बोलावलेला माणूस परत मशीनवर जात नाही, हे कारखान्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

"काका, नुसते प्रश्न विचारायचेत. कॉलेजसाठी."

ते बसले नाहीत. कानात सांगायची गोष्टही ते चार मशीनपलीकडे पोचेल अशी सांगत, म्हणून सगळे त्यांना भोंगा म्हणत. आत्ताही ते ओरडूनच बोलले, पण आवाज कापत होता.

"कानाचं कुणी सांगितलं तुला?"

तिला काही कळेना. ती समोरची प्रश्नावली चाळू लागली आणि तेवढ्याने त्यांचा धीर सुटला.

"दोन वर्षं झाली. धोक्याची घंटा ऐकूच येत नाही मला. शेजारचा खांद्याला हात लावतो, मग मी मशीन थांबवतो. पण आजवर एक चूक नाही हो, मॅडम."

पोरीची मॅडम झाली होती. लिहिलं तर या माणसाची नोकरी जाईल. नाही लिहिलं आणि एखाद्या दिवशी शेजारचा रजेवर असला तर कुणाचा तरी हात जाईल. इकडे आड, तिकडे विहीर. तीन वर्षं पाठ केलेल्या पुस्तकांतलं एकही वाक्य तिला आठवेना. शेवटी तिने प्रश्नावलीवर ‘अडचण नाही’ लिहिलं.

"मी कुणाला सांगत नाही, काका. पण तुम्ही दुसरं काम मागून घ्या. आजच."

तिने किल्ली परत दिली. त्यांनी ती घेतली, पण तिच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"भोंग्याने राजीनामा दिला. सव्वीस वर्षं चिकटून होता आणि आता आपण होऊन! काय विचारलंस गं त्याला?"

"काही नाही, सर. समाधानाची प्रश्नावली होती."

"झकास. तीच चालू ठेव."

मुलाखतींची बारा नावं तिने निवडली नव्हती. यादी साहेबांनीच पहिल्या दिवशी टाईप करून तयार ठेवली होती.

"सर, ती बारा नावं तुम्ही कशी निवडली?"

साहेबांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

"प्रकल्पाला चांगले गुण हवेत ना तुला? मग जा. दुसरा येऊन बसलाय."

छोट्या खोलीबाहेरच्या बाकावर तिच्या वडिलांच्या वयाचा एक फिटर बसला होता. तिला येताना पाहिलं तसा तो उठून उभा राहिला.